आधी श्वास सोडायला शिका: जुनाट फुफ्फुसविकारासाठी चिनी सहा अक्षरांचा व्यायाम

धाप लागली की माणूस तोंड उघडून हवा आत ओढायला लागतो. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट फुफ्फुसविकार. त्याच्या रुग्णाला नेमकं हेच महागात पडतं. या आजारात हवा आत घेण्यापेक्षा आतली हवा बाहेर काढणं जास्त कठीण असतं आणि उपायही तिथूनच सुरू करावा लागतो. गेली दीड हजार वर्षं चीनमध्ये श्वास सोडण्याचा एक व्यायाम केला जातो. त्याचं नाव लिउ त्झ च्युए, म्हणजे सहा अक्षरांची पद्धत. घरी, खुर्चीत बसून तो कसा करायचा, हे इथे सविस्तर सांगते. सीओपीडी, जुना ब्रॉन्कायटिस किंवा एम्फिसीमा असलेल्यांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांसाठी हा लेख आहे.

आजारात नेमकं काय होतं

आपल्याकडे धाप लागणाऱ्या प्रत्येक आजाराला सरसकट 'दमा' म्हणतात. पण दमा आणि सीओपीडी वेगळे आहेत. सीओपीडीत बारीक श्वासनलिका कायमच्या सुजलेल्या, कफाने चिकटलेल्या असतात. एम्फिसीमा असेल तर हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या भिंतीही विरलेल्या असतात. या भिंतींच्या ताणामुळेच एरवी बारीक नलिका उघड्या राहतात. श्वास घेताना छाती फुगते, नलिका उघडतात आणि हवा आत जाते. सोडताना त्या मिटतात आणि थोडी हवा आतच अडकते. तेवढ्यात पुढचा श्वास येतो.

शांत बसलेलं असताना हे निभावून जातं. चालायला लागलं, जिना चढला की श्वास भरभर होतो, सोडायला वेळ कमी मिळतो आणि अडकलेली हवा प्रत्येक श्वासागणिक वाढत जाते. अशा वेळी आणखी हवा आत ओढणं म्हणजे काठोकाठ भरलेल्या माठात पाणी ओतणं. छाती फुगलेली राहते, श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा, खाली दबून चपटं होतं आणि त्याला हालायला जागाच उरत नाही. मग मानेचे आणि खांद्यांचे स्नायू श्वास ओढायला लागतात. धाप लागलेल्या माणसाचे खांदे वर चढलेले दिसतात ते यामुळे.

ओठ अरुंद करून सावकाश श्वास सोडला की बाहेर जाणाऱ्या हवेला तोंडाशी थोडा अडथळा होतो. त्या अडथळ्याचा दाब आत श्वासनलिकांपर्यंत पोचतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडायला वेळ मिळतो. फिजिओथेरपिस्ट मेणबत्तीवर फुंकर घालतात तसे ओठ करून श्वास सोडायला शिकवतात, त्यामागचं कारण हेच आहे. चिनी पद्धतीतली सहा अक्षरं म्हणजे हा अडथळा ओठ, दात आणि जीभ यांनी सहा वेगवेगळ्या प्रकारे तयार करणं.

ही पद्धत आली कुठून

हुनान प्रांतातल्या छांगशा शहराजवळ मावांगद्वेइ इथल्या थडग्यांतून १९७३ साली रेशमावर रंगवलेला एक तक्ता मिळाला. तो ज्या थडग्यात होता ते इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेलं. तक्त्यावर व्यायाम करणाऱ्या ४४ स्त्री-पुरुषांची चित्रं आहेत. शरीराची हालचाल आणि श्वास एकत्र बांधण्याची ही चिनी परंपरा एवढी जुनी आहे. सहा अक्षरांची नोंद मात्र पुढची, ताओ होंगजिंग या ताओपंथी वैद्याच्या ग्रंथातली. त्याचा काळ इ. स. ४५६ ते ५३६. तो लिहितो की श्वास आत घेण्याचा मार्ग एकच आहे, सोडण्याचे मात्र सहा. फुफ्फुसांच्या रुग्णाने भिंतीवर लिहून ठेवावं असं हे वाक्य आहे. पुढे थांग राजवटीच्या काळातल्या सुन स्समियाओ या नामवंत वैद्यानेही ही अक्षरं उपचारांत घेतली.

प्रत्येक अक्षर एकेका अवयवाशी जोडलेलं आहे: 'श्यू' यकृताशी, 'हऽ' हृदयाशी, 'हू' प्लीहेशी, 'स्स' फुफ्फुसांशी, 'छ्वे' मूत्रपिंडांशी आणि 'शी' सान-ज्याओशी, म्हणजे चिनी वैद्यकात धड तीन भागांत वाटून मानलेल्या 'त्रिदाहक' या अवयवाशी. ही पारंपरिक चिनी वैद्यकाची मांडणी आहे आणि अक्षरांचा क्रमही त्यातल्या पंचतत्त्वांच्या चक्रावरून ठरलेला आहे. ती मांडणी मानली नाही तरी व्यायामाचा फायदा कमी होत नाही, कारण तो दीर्घ उच्छ्वास, हातांची संथ हालचाल आणि सैल पडलेले खांदे यांतून येतो. चीनच्या क्रीडा प्रशासनाने २००३ साली आरोग्य-चिगोंगचे, म्हणजे श्वास आणि संथ हालचाली जोडणाऱ्या चिनी व्यायामांचे, चार संच प्रमाणित केले. त्यांत लिउ त्झ च्युए एक आणि बा द्वान चिन, म्हणजे आठ हालचालींचा प्रसिद्ध संच, दुसरा. खाली दिलेल्या हालचाली प्रमाणित संचावर आधारलेल्या आहेत. बसून करण्यासाठी आणि दम लागणाऱ्यांसाठी मी त्या सोप्या केल्या आहेत.

अपेक्षा काय ठेवायची

विरलेल्या हवेच्या पिशव्या कोणत्याही व्यायामाने परत येत नाहीत. 'फुफ्फुसं पूर्ववत होतील' असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काही शिकू नका. बदल होतो तो दम लागण्यात, चालण्याच्या क्षमतेत आणि धाप लागली की उडणाऱ्या घाबरगुंडीत.

चीनमध्ये हा मोठाच प्रश्न आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार तिथे सुमारे १० कोटी प्रौढांना सीओपीडी आहे. एवढ्या लोकांना यंत्रं आणि ट्रेडमिल असलेली पुनर्वसन केंद्रं पुरवणं कुठल्याच देशाला शक्य नाही, म्हणून तिथले डॉक्टर या जुन्या व्यायामांची चाचणी घेत आले आहेत. त्याच वर्षी 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात ग्रामीण चीनमधल्या १२० रुग्णांची चाचणी आली. तिच्या संशोधकांत ग्वांगचौचे श्वसनतज्ज्ञ चोंग नानशान होते. निम्म्या रुग्णांना रुग्णालयातलं नेहमीचं पुनर्वसन दिलं, निम्म्यांना ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकवला. १२ आठवड्यांनंतर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते आणि शिकवणी संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी ताई-चीचा गट थोडा पुढेच होता. सहा अक्षरांवरच्या चाचण्या याहून लहान आहेत. त्यांतही सहा मिनिटांत चालून होणारं अंतर वाढणं आणि दम कमी होणं, हे निष्कर्ष वारंवार आले आहेत. अशा चाचण्यांत आपण कोणता व्यायाम करतोय हे रुग्णाला माहीतच असतं, म्हणून हे आकडे थोडे हातचे राखून वाचावेत. तरी खर्च शून्य आणि नीट केला तर धोका अगदी कमी, हे पाहता करून बघण्यासारखा हा व्यायाम नक्की आहे.

ताई-चीऐवजी मी सहा अक्षरं निवडते, कारण ताई-चीत पावलं लक्षात ठेवावी लागतात, तोल सांभाळावा लागतो आणि शिक्षकही लागतो. सहा अक्षरं खुर्चीत बसून जमतात.

सुरू करण्यापूर्वी

छातीच्या डॉक्टरांना आधी विचारा. 'श्वासाचे व्यायाम करू का' एवढंच विचारू नका. 'हात खांद्यापर्यंत उचलून, सावकाश श्वास सोडत, रोज १५-२० मिनिटांचा व्यायाम करू का' असं नेमकं विचारलंत तर उत्तरही नेमकं मिळेल.

पुढीलपैकी काही असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय सुरू करू नका: गेल्या काही आठवड्यांत आजार बळावून दवाखान्यात दाखल व्हावं लागणं, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, फुफ्फुसाबाहेर हवा जमण्याचा, म्हणजे न्यूमोथोरॅक्सचा इतिहास किंवा सीटी स्कॅनमध्ये मोठे बुला, म्हणजे फुफ्फुसातले हवेचे फुगे, दिसणं, डोळ्यांची किंवा पोटाची ताजी शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब. ताप असताना किंवा कफाचा रंग पिवळा-हिरवा होऊन त्याचं प्रमाण वाढलेलं असताना व्यायाम बंद ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.

पंप म्हणजे इनहेलर चालूच ठेवायचा. चार दिवस बरं वाटलं म्हणून पंप सोडला आणि मग रात्री-बेरात्री ॲडमिट व्हावं लागलं, हे आपल्याकडे फार होतं. डॉक्टरांनी लगेच आराम देणारा पंप दिला असेल आणि व्यायामाआधी घ्यायला सांगितलं असेल, तर १०-१५ मिनिटं आधी घ्या.

घरी ऑक्सिजन चालू असेल तर व्यायामातही नळी नाकातच ठेवा आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेला प्रवाहच ठेवा. दम लागतोय म्हणून स्वतःहून लिटर वाढवू नका. काही रुग्णांच्या रक्तात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि ग्लानी येते. आणि त्या खोलीत देवाजवळची समई, निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी यांतलं काहीही पेटलेलं नको. सकाळची पूजा आणि सकाळचा व्यायाम एकाच खोलीत असेल तर वेळा बदला.

जागा, वेळ, खुर्ची

जेवणानंतर किमान तासभर जाऊ द्या, भरलेलं पोट श्वासपटलाला वर ढकलतं. थंडीत पहाटे उठून गच्चीवर जायचा हट्ट नको. हिवाळ्यात पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साठून राहतात, त्यामुळे ऊन वर आल्यावर, खिडकी उघडून घरातच केलेलं चांगलं. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत खिडकीही बंद ठेवा. घरात फोडणी चालू असेल तर ती संपू द्या. आणि स्वयंपाक चुलीवर होत असेल तर रुग्णाला त्या धुरातून बाहेर काढणं ही व्यायामाच्याही आधीची गोष्ट आहे. आपल्याकडे आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या कितीतरी बायकांना हा आजार चुलीच्या धुराने झालेला असतो.

खुर्ची चार पायांची, न हलणारी आणि शक्यतो हात नसलेली घ्या. खुर्चीची पाठ भिंतीला लावून ठेवा. प्लास्टिकची लवचीक खुर्ची नको, ती मागे कलते. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, तळवे पूर्ण जमिनीवर, गुडघ्यांत खांद्यांएवढं अंतर. जवळ कोमट पाणी, कफ थुंकायला झाकणाचं भांडं आणि पंप ठेवा. ऑक्सिमीटर असेल तर तो मधल्या बोटाला लावा. नखांवर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो.

बसून की उभं राहून? सपाट रस्त्यावर १०० मीटर चालल्यावर तुम्हाला थांबावं लागत असेल, किंवा कपडे बदलतानाही दम लागत असेल, तर पहिला महिना बसूनच करा. बाकीच्यांनी एखादा आठवडा बसून करावा आणि मग उभं राहावं, पण मागे खुर्ची असू द्या.

पहिली पायरी: खांदे आणि तोंड

सहा अक्षरांकडे लगेच जाऊ नका. पहिले तीन-चार दिवस फक्त एवढंच करा.

हात मांडीवर ठेवा. खांदे कानांकडे उचला आणि सोडून द्या. दोन-तीनदा केल्यावर खांदे मुळात किती वर चढलेले होते, ते कळतं. आता नाकाने श्वास घ्या, नेहमीएवढाच, छाती भरून नाही. मग ओठ गोल करा आणि 'हू' असा हलका आवाज काढत श्वास बाहेर जाऊ द्या.

वहीच्या कागदाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा आणि चिमटीत धरून तोंडासमोर हातभर अंतरावर लटकू द्या. श्वास सोडताना ती पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जेमतेम, पण एकसारखी हलायला हवी. आधी फडफडली आणि मग निपचित पडली, तर तुम्ही हवा ढकलताय. पोटाच्या स्नायूंनी जोर लावून हवा बाहेर काढली की छातीतला दाब वाढतो आणि ज्या नलिका उघड्या ठेवायच्या त्याच मिटतात. तेव्हा शेवटचा थेंब काढल्यासारखी हवा पिळून काढू नका. श्वास सोडून झाला असं वाटलं की थांबा आणि पुढचा श्वास आपोआप येऊ द्या.

सोडायला घेण्याच्या सुमारे दुप्पट वेळ लागावा: घेताना मनात दोन आकडे मोजलेत तर सोडताना चार. तीनच जमले तर तीन. आकडा गाठण्यासाठी जीव घुसमटवू नका. श्वास मध्ये कुठेही रोखायचा नाही. जुन्या चिनी ग्रंथांत श्वास कोंडायच्या पद्धतीही आहेत आणि त्यांत नाकाशी धरलेलं पीससुद्धा हलू नये इतका श्वास स्थिर करायला सांगितलं आहे. त्या निरोगी साधकांसाठी आहेत. हवा अडकलेल्या छातीला त्यांची गरज नाही.

पोटाने श्वास घेण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. प्रमाणित संचात श्वास घेताना पोट किंचित आत आणि छाती बाहेर, अशी उलटी पद्धत शिकवतात. इथे ती सोडून द्या. तसंच 'पोट फुगवा, पोट फुगवा' असा आग्रहही नको. आजार बराच पुढे गेलेला असेल तर मुद्दाम पोट फुगवून घेतलेल्या श्वासाने दम वाढतो, असं फिजिओथेरपिस्टना वारंवार दिसलं आहे. श्वास संथ झाला की पोट आपोआप थोडं हलायला लागतं, तेवढं पुरे.

सहा अक्षरं

मूळ क्रमात प्रत्येक अक्षर ६ वेळा करतात. तुम्ही ३ पासून सुरुवात करा. सुरुवातीला अक्षर हलक्या आवाजात म्हणा, म्हणजे तोंडाचा आकार बरोबर आहे की नाही ते कळतं. सवय झाली की आवाज कमी करत न्या. चीनमध्येही नवशिके आवाजासह करतात आणि जुने साधक निव्वळ श्वासाने करतात. प्रत्येक अक्षरानंतर हात मांडीवर ठेवून दोन-तीन साधे श्वास घ्या.

सगळीकडे एकच नियम आहे. हात शरीराकडे येतात तेव्हा श्वास आत, हात दूर जातात किंवा खाली दाबले जातात तेव्हा अक्षरासह श्वास बाहेर.

*श्यू.* तळवे वर करून दोन्ही हात कमरेशी, करंगळीची कड कमरेला टेकलेली. श्वास घ्या. आता धड सावकाश डावीकडे वळवा आणि उजवा हात त्याच दिशेने, खांद्याच्या उंचीपर्यंत पुढे नेत 'श्यू' म्हणा. वरच्या-खालच्या दाढा टेकवायच्या नाहीत, हवा दातांच्या फटीतून आणि जिभेच्या कडांनी बाहेर जाते. डोळे मोठे उघडलेले. हात परत कमरेशी येताना श्वास आत. मग दुसरी बाजू. मूळ संचात धड पूर्ण ९० अंश वळवतात, तुम्ही त्याच्या निम्मंच वळा. वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, त्यांना पिळ्याचा हिसका बरा नाही.

*हऽ.* ओंजळीत पाणी घेतल्यासारखे हात पोटासमोरून छातीपर्यंत वर आणा, श्वास आत. छातीशी बोटं खाली वळवा, हातांच्या पाठी एकमेकींकडे, कोपरं बाजूंना. आता 'हऽ' म्हणत हात बेंबीपर्यंत खाली न्या आणि पुढे पसरा. जिभेच्या कडा वरच्या दाढांना हलक्या लागलेल्या, हवा जीभ आणि टाळू यांच्या मधून. कोपरं खांद्यांच्या वर नेऊ नका. हात उंच गेले की मानेचे स्नायू श्वास ओढायचं काम सोडून हात सावरायला लागतात आणि दम लगेच वाढतो. केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना धाप का लागते, त्याचं उत्तर यात आहे.

*हू.* सगळ्यांत सोपं आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी. दोन्ही तळवे बेंबीकडे, बोटं एकमेकांसमोर, मध्ये वीतभर अंतर. हात पोटाकडे आणताना श्वास आत. ओठ गोल करून 'हू' म्हणत हात गोलाकार बाहेर ढकला, एखादा मोठा हंडा कवेत घेतल्यासारखे. उभं राहून करणाऱ्यांनी 'हू' म्हणताना गुडघे किंचित वाकवावेत.

*स्स.* हे फुफ्फुसांचं अक्षर, इथे घाई करू नका. तळवे वर करून हात छातीपर्यंत उचला. कोपरं बरगड्यांशी आणा, तळवे खांद्यांसमोर उभे, बोटं आकाशाकडे. आता पाठीची पाती एकमेकींकडे ओढा, म्हणजे छाती उघडेल. या वेळी श्वास आत. मूळ संचात इथे मान मागे आखडून वर बघतात. मानेचा स्पाँडिलायटिस असेल किंवा चक्कर येत असेल तर नजर समोरच ठेवा. मग खांदे सोडा आणि दोन्ही तळवे पुढे ढकलत 'स्स'. वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांसमोर, मध्ये केसभर फट, जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे. दातांच्या फटीचा अडथळा ओठांपेक्षा अरुंद असतो, त्यामुळे हा उच्छ्वास सहाही अक्षरांत सहसा सगळ्यांत लांब होतो. कवळी असेल तर ती बसवूनच करा.

*छ्वे.* हात पुढून बाजूंना उघडा आणि मागे नेऊन तळवे कमरेवर ठेवा, श्वास आत. 'छ्वे' म्हणत तळवे कमरेवरून मांड्यांच्या बाहेरच्या बाजूने खाली सरकवा आणि बेंबीसमोर आणा. बसून करताना हात गुडघ्यांपर्यंतच न्या, पुढे वाकू नका. पुढे वाकलं की पोट दबतं. हात मागे जात नसतील तर कमरेच्या बाजूंवर ठेवा.

*शी.* हातांच्या पाठी एकमेकींकडे, बोटं खाली. तिथून हात छातीपर्यंत उचला, जमत असेल तर चेहऱ्यापर्यंत नेऊन बाजूंना उघडा, श्वास आत. मग तळवे खाली करून छातीपासून बेंबीपर्यंत आणि पुढे मांड्यांच्या बाजूंना दाबत 'शी' म्हणा. ओठांचे कोपरे हसल्यासारखे किंचित मागे.

शेवटी दोन्ही तळवे बेंबीवर एकावर एक ठेवा. घड्याळाच्या दिशेने ६ वेळा आणि उलट ६ वेळा पोटावरून हलके फिरवा आणि दोन मिनिटं बसून राहा. लगेच उठू नका.

आठवड्यांचा हिशेब

पहिली पायरी जमली की पहिल्या आठवड्यात फक्त 'हू' आणि 'स्स', प्रत्येकी ३, सकाळ-संध्याकाळ. हा क्रम परंपरेतला नाही, पण जास्त दम लागणाऱ्यांना ही दोन अक्षरं आधी जमतात आणि धीर येतो. दुसऱ्या आठवड्यात 'हऽ' आणि 'शी' जोडा. तिसऱ्यात 'श्यू' आणि 'छ्वे' घेऊन सहाही अक्षरं मूळ क्रमाने करा. त्यानंतर दर आठवड्याला प्रत्येक अक्षराची एकेक आवृत्ती वाढवत ६ पर्यंत जा. पूर्ण संच सावकाश केला की १५-२० मिनिटं लागतात. फरक जाणवायला निदान दोन-तीन महिने द्या. चाचण्याही साधारण एवढ्याच किंवा याहून जास्त मुदतीच्या आहेत. सोबत रोज थोडं चालणंही हवंच, कारण पायांचे स्नायू चालण्यानेच टिकतात.

व्यायामाचा जोर मोजायला ० ते १० अशी मोजपट्टी मनात धरा: ० म्हणजे दम अजिबात नाही, १० म्हणजे सहन होणार नाही इतका. ३-४ पर्यंत ठीक. मध्येच एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. नसेल येत तर थांबा. ऑक्सिमीटरचा आकडा ८८च्या खाली गेला किंवा सुरुवातीच्या आकड्यापेक्षा ४ ने घसरला तरी थांबा. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर बहुतेक वेळा श्वास गरजेपेक्षा मोठे किंवा जलद होत असतात. हात खाली घ्या, साधे श्वास घ्या आणि पुढच्या वेळी श्वास लहान ठेवा.

मध्येच कफ सुटला तर ती चांगली खूण आहे. जोरजोरात खोकून दमू नका. मध्यम श्वास घ्या आणि तोंड उघडं ठेवून, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा 'हाऽ' करून एक-दोनदा हवा सोडा. कफ वर आला की मग एकदाच खोका.

कपालभाती का नको

हा प्रश्न आपल्याकडे येतोच, कारण सकाळी टीव्ही लावला की जोरजोरात श्वास सोडणारी माणसं दिसतात. कपालभाती आणि भस्त्रिका यांत श्वास झटक्याने आणि भरभर होतो. हवा अडकण्याचा आजार असलेल्यांना तो उलटा पडू शकतो. कुंभकाचंही, म्हणजे श्वास रोखून धरण्याचंही, तेच. याउलट सावकाश ओंकार आणि भ्रामरी यांत श्वास लांब आणि हलक्या अडथळ्यातून सुटतो, म्हणजे तत्त्व हेच. ज्यांना ओंकाराची सवय आहे त्यांनी तो खुशाल चालू ठेवावा. हाताच्या हालचालींमुळे सहा अक्षरांत थोडा जास्त व्यायाम होतो, एवढाच फरक.

दिवसभरात कुठे वापरायचं

श्वासाची ही सवय रोजच्या कामांत उतरली नाही तर २० मिनिटांचा फायदा २० मिनिटांपुरताच राहील. नियम सोपा आहे: ज्या क्षणी जोर लागतो, त्या क्षणी श्वास बाहेर. बादली उचलायच्या आधी श्वास घ्या आणि 'हू' म्हणत उचला. जिन्यावर थांबून श्वास घ्या, सोडत सोडत दोन पायऱ्या चढा, पुन्हा थांबा. खाटेवरून उठताना 'स्स' म्हणत उठा. आंघोळीला स्टूल घ्या आणि तांब्या डोक्यावर नेताना श्वास सोडा. खाली बसून वापरायच्या संडासात उठताना सर्वांत जास्त दम लागतो, तिथे भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या.

अचानक धाप लागली तर हातांच्या हालचाली विसरा. टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात आणि डोकं टेकून पुढे कला, किंवा भिंतीला पाठ लावून हात मांड्यांवर ठेवा. या स्थितीत खांद्यांना आधार मिळतो आणि ते श्वासाच्या मदतीला येतात. आता फक्त 'हू'. घरातल्या माणसाने शेजारी बसून, खांद्यावर हात ठेवून, स्वतः 'हू' करत राहावं. 'घाबरू नका' असं दहा वेळा सांगण्यापेक्षा समोरच्याचा संथ श्वास ऐकून रुग्णाचा श्वास लवकर शांत होतो. त्याला प्रश्न विचारू नका, बोलायलाही श्वास लागतो. डॉक्टरांनी सांगितलेला पंप त्यांनी सांगितला तसा द्या. ओठ किंवा नखं निळसर दिसली, माणूस बरळायला किंवा पेंगायला लागला, छातीत दुखलं, किंवा पंपानंतरही दम उतरला नाही, तर वाट न बघता १०८ ला फोन लावा. औषधांची यादी आणि शेवटचे रिपोर्ट दाराजवळच्या पिशवीत आधीच भरून ठेवा.